चावरा दिवा

माझ्या सासूबाईंच्या उजव्या हातात वात आहे, असे आमच्या पनवेलच्या घरात ठरून गेले होते. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा या बाबतीत सगळे एकमताचे होते. माझे सासरे, माझे यजमान, गल्लीच्या टोकाला राहणारे वैद्य आणि खुद्द सासूबाईसुद्धा. त्या एकमताची आठवण झाली की आज या वयातही माझ्या कपाळाची शीर उडते.

साठ सालानंतरची ती पहिली काही वर्षे. माझे माहेर ठाण्याचे. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. वडील कारकून होते, पण घरातली प्रत्येक वस्तू उघडून पाहायची त्यांना भारी हौस. पुढे त्यांची नजर अधू झाली तेव्हा उघडायचे काम माझ्याकडे आले. ते शेजारी खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी स्टुलावर उभी राहून फ्यूजची तार बांधायची, बटणे बदलायची, इस्त्रीची वायर कापून नवी जोडायची. लग्नात माझ्या ट्रंकेत त्यांनी एक पेचकस आणि एक टेस्टर ठेवला होता. टेस्टर म्हणजे पेनासारखी कांडी, तारेत वीज असली की तिच्या पोटातला एवढासा दिवा लाल होतो. आईने कपाळावर हात मारला होता. मुलीच्या ट्रंकेत कोणी पेचकस देते का, म्हणाली.

सासरी मात्र ट्रंकेतून तो बाहेर काढायची वेळच आली नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तालुक्याच्या कोर्टात वकील होते. माणूस वाईट नव्हता. मिठागरांवर काम करणारी माणसे, खाडीकाठची कोळी माणसे त्यांच्याकडे येत आणि ते त्यांचे ऐकून घेत. मन लावून ऐकत, मध्ये बोलत नसत. घरात बायकोचा हात दुखतो म्हटल्यावर वैद्यांना स्वतः जाऊन घेऊन आले होते. हेच मला जास्त लागते. निष्काळजी माणसावर रागावणे सोपे असते.

सासूबाईंना होणारा त्रास असा. बोटांच्या टोकांपासून सुरू व्हायचा आणि कोपरापर्यंत चढायचा. त्या म्हणत, हातातून कोणी दोर ओढून काढल्यासारखे वाटते. कधी नुसत्या मुंग्या यायच्या, कधी असा हिसका बसायचा की हातातली वस्तू पडायची. चार दिवस बरे जात आणि पाचव्या दिवशी पुन्हा. पावसाळ्यात त्रास वाढायचा. पावसाळ्यात वात कोपतो, त्यामुळे वैद्यांच्या शास्त्रात सगळे चपखल बसत होते. हाताला तेल चोळायचे, शेक द्यायचा, सकाळी कडू काढा घ्यायचा आणि पथ्य पाळायचे. बटाटा बंद, वाटाणे बंद, हरभऱ्याची डाळ बंद आणि वाल बंद.

पनवेलच्या बाजूला वाल बंद करणे म्हणजे काय, ते बाहेरच्याला समजणार नाही. भात निघाले की त्याच ओलीवर वाल पेरतात, आणि मग वर्षभर घरात आठवड्यातून दोनदा तरी बिरडे होते. सासूबाई वाल भिजत घालायच्या, मोड आणायच्या, त्या दुखऱ्या हाताने एकेक दाणा सोलायच्या, खोबरे-कोथिंबीर घालून बिरडे शिजवायच्या, सगळ्यांना वाढायच्या आणि आपल्या पानात मुगाचे पातळ वरण घ्यायच्या. मी एकदा म्हटले, "आई, एक घास खा ना, काय होतंय." त्या म्हणाल्या, "नको गं. उगाच यांना पुन्हा वैद्यांकडे धावायला लागायचं."

आता त्या दिव्याविषयी सांगते.

आमच्या पुढच्या खोलीत मामंजींचे ऑफिस होते. एक मोठे शिसवी टेबल, कायद्याच्या पुस्तकांचे कपाट, पक्षकारांसाठी बाक. टेबलावर पितळी दिवा. जड गोल बैठक, लांब वाकडी मान आणि वर हिरव्या काचेची टोपी. कोणी इंग्रज इंजिनिअर विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाचा मुंबईत लिलाव झाला, त्यात मामंजींनी तो घेतला होता. आलेल्या प्रत्येकाला ते ही हकिगत सांगत, आणि तिचे शेपूटही ठरलेले असे. मध्यंतरी याची वायर तुटली, पण मी कुठल्या मिस्त्रीचा हात लागू दिला नाही, स्वतः जोडला, आणि तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही.

खोली काळोखी होती, त्यामुळे दिवसाही दिवा लागायचा. त्याची पिन टेबलामागच्या भिंतीत खाली खोचलेली असे. दोन काट्यांची साधी पिन. भिंतीवर बटण नव्हते, बटण दिव्याच्या टोपीखाली. सासूबाई रोज सकाळी पिन काढून खोली झाडायच्या, शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसायच्या, मग पिन परत खोचून दिवा लागतो ना ते पाहायच्या, आणि शेवटी पितळेवरून ओलसर फडके फिरवायच्या. पितळेवर धूळ दिसलेली मामंजींना खपत नसे. खाडीची खारी हवा, पितळ दोन दिवसांत काळवंडायचे.

घरात कामाला एक बाई यायची, खाडीकडच्या गावातली. भांडी, धुणे, मागचे अंगण तिच्याकडे. एकदा सासूबाई बहिणीकडे पेणला गेल्या होत्या, म्हणून मी तिला पुढची खोली पुसायला सांगितली. तिने फरशी पुसली, टेबल पुसले आणि फडके पिळायला निघाली.

"दिवा राहिला," मी म्हटले.

"दिवा नाय पुसनार आमी," ती म्हणाली. "तो चावतो."

मामंजी कपाटापाशी पुस्तक शोधत होते. त्यांना हसू आले. "ऐक. आमच्या घरात दिवे चावतात," ते म्हणाले. "मागे हिला एकदा सांगितलं तेव्हाही हेच. काम टाळायचं असलं की यांना भुतं दिसतात."

बाई बादली उचलून मागे निघून गेली. मी म्हटले, मीच पुसते. फडके घेतले आणि दिव्याच्या मानेला हात लावला.

तो हिसका मला ओळखीचा होता. ठाण्याला दोन-तीनदा बसलेला होता. बोटांत सुया टोचल्या आणि कोपरापर्यंत काहीतरी सर्रकन चढले. मी हात मागे घेतला. घेता घेताच सासूबाईंचे शब्द कानात आले. हातातून कोणी दोर ओढून काढल्यासारखे वाटते. मी तशीच उभी राहिले. फरशी पायाखाली ओली होती, पाय अनवाणी होते, आणि मला घाम फुटला. विजेचा धक्का केव्हाच ओसरला होता. सासूबाईंना इतकी वर्षे रोज सकाळी काय होत होते, ते मला कळले होते, म्हणून घाम फुटला.

"मामंजी, दिव्याला करंट येतोय," मी म्हटले.

ते वळले. "कुठे?"

"पितळेला. मला आत्ता बसला."

ते येऊन खुर्चीत बसले, पाय टेबलाखालच्या पाटावर ठेवले आणि सरळ हात पुढे करून दिव्याची मान धरली. घट्ट धरून ठेवली, आणि दुसऱ्या हाताने पुस्तकाची पाने चाळू लागले. टेबलाखाली तो लाकडी पाट कायम असायचा, फरशीचा गारठा पायाला लागू नये म्हणून.

"मला काही होत नाही," ते म्हणाले. "मी रोज धरतो. बटण दाबताना, टोपी वळवताना. मला कधी काही झालेलं नाही."

"तुमचे पाय पाटावर आहेत. फरशीवर पाय ठेवून बघा."

हे मी बोलायला नको होते, असे नंतर ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मला सांगितले. नवी सून सासऱ्याला उलटतपासणी करते हे बरे दिसत नाही म्हणाले. मामंजींनी पाय फरशीवर ठेवले नाहीत. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, चहा टाक."

चहा टाकून मी ट्रंक उघडली आणि टेस्टर घेऊन आले. पण तेवढ्यात काय झाले होते ते मला तेव्हा माहीत नव्हते, नंतर कळले. मामंजींनी कपाटाचे दार उघडताना वायर अडकून पिन निघाली होती आणि त्यांनी ती परत खोचली होती. मी टेस्टर पितळेला लावला. लाल झाला नाही. पुन्हा लावला. काहीच नाही. मामंजी चष्म्यावरून पाहत होते.

"झालं समाधान?" ते म्हणाले.

मी ह्यांना संध्याकाळी सगळे सांगितले. हे म्हणाले, "बाबांनी धरून दाखवला ना? तुझा टेस्टरही पेटला नाही. मग आता काय उरलं?" मी म्हटले, आईंचा हात उरला. त्यावर हे वर्तमानपत्र उघडून बसले.

पुढचे सांगताना मला अजून संताप येतो. सासूबाईंना पाहायला वैद्य आले तेव्हा मामंजींनी माझ्याही हाताचे सांगितले. म्हणजे मला मुंग्या आल्या एवढेच सांगितले, दिव्याचे नाव काढले नाही. वैद्यांनी माझी नाडी पाहिली आणि म्हणाले, प्रकृतीत वात दिसतो, पाणी बदललेले, पनवेलची हवा दमट, काळजीचे कारण नाही, पण आतापासून जपले पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून एका पेल्याऐवजी दोन पेले काढा उकळू लागला. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात समोरासमोर बसून तो कडूजहर काढा घेत होतो. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा विचारले.

"आई, हात कधी दुखतो? दिवसातून कधी?"

"सकाळीच."

"खोली पुसताना?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्याचं असं असतं का गं? पण मग रोज का नाही होत? कधी कधी तर त्याच दिव्याला हात लावते आणि काही होत नाही."

हा प्रश्न मलाही छळत होता. आणि विचार करता करता लक्षात आले की पिनचे दोन्ही काटे सारखेच आहेत. ती उलटी खोचा, सुलटी खोचा, दिवा लागतोच. पण दिव्याच्या आत दोन तारांपैकी एकच कुठेतरी पितळेला टेकत असेल, तर पिन एका बाजूने खोचल्यावर पितळेत वीज येईल आणि दुसऱ्या बाजूने खोचल्यावर येणार नाही. सासूबाई रोज झाडायला पिन काढत होत्या आणि न बघता परत खोचत होत्या. म्हणून काही दिवस बरे जात आणि मग एक दिवस हिसका. वैद्यांच्या वातासारखेच.

मी देवघरातून कुंकू आणून पिनच्या एका अंगाला बोट टेकवले. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मामंजी कोर्टात गेलेले. कुंकू खाली ठेवून पिन खोचली आणि टेस्टर लावला, पेटला नाही. पिन काढून उलटी केली, कुंकू वर. टेस्टरच्या पोटात लाल ठिपका दिसला.

"हे बघा," मी म्हटले.

त्यांनी वाकून पाहिले. पदर तोंडाशी धरला होता. एवढासा तो लाल दिवा, पण त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

मी हे मामंजींना सांगायला जाणार होते. सासूबाईंनीच अडवले. "थांब," म्हणाल्या, "ते परवा अलिबागला जायचेत." जिल्ह्याच्या कोर्टात कामे असली की मामंजी पहाटेच्या एस.टी.ने अलिबागला जात आणि तिथेच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतत. सासूबाईंनी आयुष्यात नवऱ्याच्या पाठीमागे काही केले असेल असे मला वाटत नाही. पण हे त्यांनीच ठरवले.

मामंजी गेले त्या सकाळी मी बाजारात वायर आणायला गेले. दुकानदार म्हातारे गृहस्थ होते. वायर पाहिजे म्हटल्यावर म्हणाले, "किसके वास्ते?" मी सांगितले, टेबलावरच्या दिव्याला. "मग वायरमनला पाठवा ना, बेटी. ही चीज बायकांनी न्यायची नाही." मी म्हटले, वायरमन मीच आहे. त्यांनी माझ्या मागे कोणी उभे आहे का ते पाहिले. शेवटी वायर कापून दिली, पण देताना बजावले, "नवऱ्याच्या हातात द्या." बल्ब बसवायचा एक नवा होल्डरही घेतला. वाटेत मी इतकी चिडले होते की तळ्याच्या कडेने घरी यायच्या ऐवजी भलत्याच गल्लीत शिरले.

घरी आल्यावर पिन काढून दिवा मागच्या पडवीत उजेडात आणला. जुनी चादर पसरली आणि दिवा आडवा केला. बैठकीच्या तळाला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली होती. सासूबाईंनी ब्लेडने ती अलगद सोडवली, शिवण उसवावी तशी. खाली पत्र्याची चकती, तिला एकच मोठा स्क्रू. तो गंजलेला. रॉकेलचा थेंब सोडून वाट पाहिली, मग पेचकसाने जोर लावला. चकती निघाली.

आत जुनी वायर वेटोळे करून कोंबली होती. तिच्यावरचे सुताचे वेष्टण हाताला लागताच भुगा होऊन पडत होते, आतला रबर कडकडीत झालेला, ठिकठिकाणी तडकलेला. आणि मधोमध मामंजींनी घातलेला जोड. दोन्ही तारा नुसत्या पिळल्या होत्या आणि त्यांच्यावर चिकटपट्टीच्या जागी कापडाची चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधली होती. वर्षानुवर्षांच्या दमटपणाने ती चिंधी काळी-हिरवी पडली होती. एका तारेचे चार-पाच केस चिंधीतून बाहेर येऊन पितळेच्या आतल्या अंगाला जवळजवळ टेकलेले दिसत होते. कुजक्या सुताचा थोडा थर मध्ये होता म्हणून नुसता हिसका बसत होता. तो थर नसता तर काय झाले असते, ते मी सासूबाईंना सांगितले नाही.

सासूबाई त्या चिंधीकडेच पाहत होत्या. हात पुढे करून त्यांनी तिची कड उलगडली. आतून निळा काठ दिसला.

"ही पट्टी मीच फाडून दिली होती," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"हे दिवा जोडत बसले होते तेव्हा. म्हणाले, जरा एक चिंधी दे. यांचं निळ्या काठाचं एक धोतर विरलं होतं, त्याची पट्टी फाडून दिली." मग थांबून म्हणाल्या, "धाकटीच्या बारशाच्या आधी. त्याच पावसाळ्यात माझा हात सुरू झाला."

धाकटी, म्हणजे माझी नणंद, आम्ही दिवा उघडला तेव्हा मुंबईला कॉलेजात शिकत होती.

त्या रडल्या नाहीत. उठून आत गेल्या. मला वाटले, पडायला गेल्या. मी काम पुढे चालवले. जुन्या वायरचे वरचे टोक होल्डरमधून सोडवले, नव्या वायरचे टोक तिच्या शेपटाला बांधले आणि वरून हळूहळू जुनी ओढली. तिच्यामागून नवी पितळेच्या वाकड्या मानेतून वर आली. मध्ये एकदा अडकली, तेव्हा थोडी मागे घेऊन पुन्हा ओढली. ह्यांच्या सायकलच्या सामानात व्हॉल्वची रबरी नळी होती, तिचा तुकडा कापून वायरवर चढवला आणि बैठकीच्या भोकात बसवला. पितळेची ती कड धारेची होती, तिनेच पहिली वायर तोडली असणार. वर नव्या होल्डरच्या आत वायरला गाठ मारली, म्हणजे कोणी ओढली तरी जोर स्क्रूवर येत नाही. तारेची टोके तासून, पीळ घालून, स्क्रूखाली आवळली. मध्ये कुठेही जोड नाही. अखंड वायर होल्डरपासून पिनपर्यंत.

पिन खोचून दिवा लावला. टेस्टर दोन्ही बाजूंनी लावून पाहिला. कुंकू वर, कुंकू खाली. पेटला नाही.

सासूबाईंना हाक मारायला आत गेले तर त्या चुलीपाशी होत्या. आदल्या दिवशी भिजवलेले वाल सोलून झाले होते. त्या दिवशी आम्ही तिघेच जेवायला होतो. त्यांनी ह्यांना वाढले, मला वाढले, आणि मग स्वतःच्या पानात बिरडे वाढून घेतले. हे म्हणाले, "आई, तुला चालत नाही ना?" त्या म्हणाल्या, "चालतं," आणि दुसऱ्यांदाही घेतले.

मामंजी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. टेबलापाशी बसल्याबरोबर त्यांना वायर दिसली. जुनी तपकिरी होती, ही पांढरी.

"कोणाला विचारून हात लावलात?" ते म्हणाले.

मी दारात उभी होते. बोलायला तोंड उघडले, तर सासूबाई माझ्या बाजूने पुढे आल्या. "मला विचारून," त्या म्हणाल्या. त्यांनी जुनी वायर मामंजींच्या समोरच्या कागदांवर ठेवली.

"हे काय आणि?"

"ही पट्टी ओळखता का?"

"कुठली चिंधी ही?"

"तुमच्या धोतराची. निळ्या काठाचं. तुम्ही दिवा जोडलात तेव्हा मी फाडून दिली होती. यातून वीज बाहेर येत होती. माझा हात दुखतो तो यानं."

मामंजींनी वायर उचलली, जोड पाहिला, चिंधीतून आलेले तारेचे केस बोटाने दाबून पाहिले. माणूस हुशार होता. त्यांना कळायला वेळ लागला नाही, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. आणि ते कळल्यानंतर ते जे बोलले, ते मी कधी विसरले नाही.

"ओल्या फडक्याने विजेची वस्तू पुसतात का?" ते म्हणाले. "आणि इतकी वर्षं धक्का बसत होता, तर बोलली का नाहीस?"

"बोलत होते," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी बोलत होते. तुम्ही वैद्यांना बोलावलंत."

बाकावर एक पक्षकार येऊन बसला होता, तो उठून ओट्यावर गेला.

"उद्यापासून ही खोली मी पुसणार नाही," त्या म्हणाल्या आणि आत आल्या. त्यांनी ती पुन्हा पुसली नाही. मामंजींचा कारकून पुसायचा, कोरड्या फडक्याने.

मला वाटले होते, निदान एकदा मामंजी म्हणतील. जाहीरपणे नाही, पण स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, पान खाता खाता, काहीतरी. चुकले असे नाही, तर नुसते, आता हात कसा आहे, एवढे तरी. त्यांनी विचारले नाही. हात बरा होत गेला. हिसके तर त्या दिवसापासूनच थांबले, आणि बोटांतल्या मुंग्याही हळूहळू गेल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या दोन्ही हातांनी पाट्यावर वाटण वाटत होत्या.

त्या पावसाळ्यातच वैद्य आले. त्यांनी हात पाहिला, मूठ मिटायला सांगितली, उघडायला सांगितली. "आमच्या औषधाला गुण यायला वेळ लागतो," ते म्हणाले, "पण आला की मुळापासून येतो."

मामंजींनी मान डोलावली. मी पाहत होते. त्यांनी मान डोलावली, आणि वैद्यांसाठी परसातला फणस बांधून आणायला सांगितले.

"वैद्यकाका," मी म्हटले, "आईंनी काढा केव्हाच सोडलाय. औषध दिव्याला दिलं आम्ही."

वैद्य गोंधळून मामंजींकडे पाहू लागले.

"सूनबाई, आत जा," मामंजी म्हणाले.

मी आत गेले. गेले याचा मला राग येतो, आणि त्यांनी पाठवले याचा त्याहून जास्त येतो. मामंजी पुढे कितीतरी वर्षे जगले, माझ्याशी चांगले वागले, माझ्या मुलांचे लाड केले. दिव्याची हकिगत ते सांगायचे तेव्हा तिचे शेपूट फक्त बदलले. मध्यंतरी वायर जुनी झाली होती, सूनबाईने बदलली, असे सांगत. जुनी झाली होती.

सासूबाईंनी मात्र गोष्ट लपवली नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. कोणीतरी हाताचे विचारले आणि त्यांनी सगळे सांगितले, चिंधीसकट, काहीही वाढवून न सांगता. बायका हसल्या. मग एकेक जण गप्प झाली. एक म्हणाली, आमच्या रेडिओच्या बटणाला हात लावला की बोट बधिर होते, पण हे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ. दुसरी नुसती कैरीची डाळ चमच्याने ढवळत राहिली.

ती दुसरी चारच दिवसांनी दुपारी मागच्या दाराने आमच्याकडे आली. तिचे यजमान शाळेत मास्तर होते. म्हणाली, इस्त्री करताना हाताला ओढ बसते, एकदा इस्त्री हातातून सुटून पायावर पडली. तिने पाऊल दाखवले. अंगठ्याच्या वर भाजल्याचा डाग होता, अजून गुलाबी. "ह्यांना सांगितलं," ती म्हणाली, "तर म्हणाले, तुझं कामात लक्ष नसतं."

मी ट्रंकेतून पेचकस आणि टेस्टर काढला. हे त्या दिवशी घरी होते. म्हणाले, "आता काय गावभर फिरणार का?"

सासूबाई चपला पायात घालत होत्या. "हो," त्या म्हणाल्या, "मी पण जातेय."

इस्त्रीची वायर मुठीपाशी जळून उघडी पडली होती. तेवढा भाग कापून नव्याने जोडायला फार वेळ लागला नाही. जोडून, टेस्टर लावून, मी सामान आवरले तशी ती बाई सारखी दाराकडे बघू लागली. म्हणाली, "त्यांची यायची वेळ झाली. तुम्ही मागच्या दारानं गेलात तर बरं होईल. मी सांगीन त्यांना, आपोआप बरी झाली."

मी निघाले होते. सासूबाई निघाल्या नाहीत. त्यांनी इस्त्रीच्या वायरचा तो जळका तुकडा उचलला, पुढच्या खोलीत गेल्या आणि दारासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"ते येऊ देत," त्या तिला म्हणाल्या. "मी बसते. तू आमच्यासाठी चहा टाक."